संमेलनात गोंधळाला दहा मिनिटं पुरत नाहीत

लोकसंगीताच्या संमेलनांत गोंधळाच्या वाट्याला बहुतेकदा संबळाचा जोरदार कडकडाट आणि एखादं वेगवान गाणं येतं. पण गोंधळ हा घरच्या लग्नकार्यानंतर रात्रभर चालणारा कुळाचार आहे. आधी गण, मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशा दैवतांना नाव घेऊन आवाहन, मग आख्यान आणि शेवटी आरती. खरा कस लागतो तो आख्यानात. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, हुंकार देतो, तुणतुण्याचा सूर अखंड चालू असतो आणि समोरच्या घराकडे बघून प्रसंग लांबवला किंवा आवरला जातो. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने 1954 साली लोकसंगीताची व्याख्या केली, तिच्यात परंपरेचं सातत्य, बदल आणि समाजाने केलेली निवड हे तीन घटक सांगितले होते. गोंधळातला बदल ऐन सादरीकरणात, श्रोत्यांच्या साक्षीने घडतो. दहा मिनिटांत नेमका तोच गळतो.

आजच्या श्रोत्यांना रात्रभर बसवणार कसं, हा आक्षेप रास्त आहे, आणि मंचामुळे कलावंताला ओळख व मानधन मिळतं हेही खरंच. पण रात्रभर जमलं नाही तरी एक अख्खं आख्यान दीड तासात मांडता येईल. कलावंत कमी बोलवा, प्रत्येकाला पुरेसा वेळ आणि चांगली बिदागी द्या. आणि गोंधळावरच्या चर्चासत्रात अभ्यासकाशेजारी गोंधळ्यालाही बोलायला बसवा.