एका खोडाची होडी

नेदरलँड्समध्ये १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना पेसे गावाजवळच्या दलदलीतून पाइनचं एक पोखरलेलं खोड वर आलं. लांबी जेमतेम तीन मीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर. कार्बन कालमापनानं वय निघालं सुमारे दहा हजार वर्षं. दलदलीच्या पोटात प्राणवायू पोचत नाही, म्हणून ते कुजलं नव्हतं. काही अभ्यासकांना ते खोड म्हणजे होडी नसून नुसतं कुंड वाटलं. २००१मध्ये या होडीची प्रतिकृती करून वल्हवून पाहिली, आणि ती व्यवस्थित चालली. आजवर सापडलेल्या होड्यांत हीच सर्वांत जुनी मानली जाते.

खोड पोखरायला चिकाटी लागते, पण खरी अडचण रुंदीची असते. झाड जेवढं जाड, तेवढीच होडी रुंद. अरुंद होडी चटकन कलंडते, कारण तिला सावरून धरणारा जोर पाण्यालगतच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो: रुंदी दुप्पट, तर जोर आठपट.

एस्टोनियातल्या सोमा या पूरप्रदेशातले कारागीर यावर जो तोडगा काढतात, तो मला विलक्षण वाटतो. ॲस्पेनच्या खोडाला ते बाहेरून आधी होडीचा आकार देतात. मग त्यात सारख्या लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकतात. आतून कोरताना खुंटीचं टोक दिसलं की हात थांबवायचा. म्हणजे भिंत सगळीकडे सारखी पातळ राहते. नंतर होडी ओली ठेवून विस्तवावर शेकायची. लाकडाचे धागे चिकटवून ठेवणारं लिग्निन ओलाव्यात शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं. काठ हळूहळू फाकवत आत आडव्या काठ्या बसवायच्या. बाजू फाकतात तशी दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात. लाकूड थंड झालं की आकार पक्का. घाई केली तर तडा जातो आणि सगळी मेहनत वाया. युनेस्कोनं २०२१मध्ये या कलेला तातडीनं जपण्याच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं.

आपल्या कोकणात उत्तर वेगळं निघालं. आंब्याच्या खोडाची होडी अरुंदच ठेवायची आणि दोन आडव्या दांड्यांनी बाजूला एक ओंडका बांधायचा, ती उलांडी. होडी उलांडीकडे कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि पाणी त्याला वर ढकलतं. दुसरीकडे कलली की ओंडका पाण्याबाहेर येऊ लागतो आणि त्याचं वजन तिला मागे खेचतं. ओंडका होडीपासून जितका लांब, तितकी ही तरफ जोरकस.