कार्ट्रिज, ध्वनिमुद्रिका-वादकाचे

कार्ट्रिज : ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतील वळणांमुळे सुईला मिळणाऱ्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन. ते वादकाच्या भुजेच्या टोकास बसवितात. सुई, तिला धरणारी बारीक दांडी, दांडीचा रबरी आधार व विद्युत् दाब निर्माण करणारी रचना हे त्याचे मुख्य भाग होत.

प्रकार : स्फटिक किंवा सिरॅमिक कार्ट्रिज दाबविद्युत् परिणामावर चालते. त्यापासून शेकडो मिलिव्होल्ट दाब मिळत असल्याने साधा विवर्धक पुरतो. मात्र सुईचा भार ३ ते ६ ग्रॅ. वा अधिक ठेवावा लागतो. चल-चुंबक प्रकारात दाब सु. ३ ते ६ मिलिव्होल्ट व भार सु. १.५ ते २.५ ग्रॅ. असतो. त्यास ४७ किलोओहम रोधाचा पूर्वविवर्धक लागतो. यातील सुई घरीच बदलता येते. चल-वेटोळे प्रकारात दाब बहुधा १ मिलिव्होल्टपेक्षा कमी असतो. तो महाग असून त्याची सुई सामान्यतः उत्पादकाकडूनच बदलून घ्यावी लागते.

निवड : कार्ट्रिजची निवड प्रथम संग्रहातील ध्वनिमुद्रिकांवरून करावी. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असून तिला सु. ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. १९४८ पासून प्रचारात आलेल्या दीर्घवादी तबकडीस सु. १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येचे गोल टोक योग्य ठरते. बारीक सुई लाखेच्या तबकडीत तळाला टेकून खरखर वाढविते; जाड सुई दीर्घवादी तबकडीच्या खाचेच्या कडा कायमच्या बिघडविते.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बालगंधर्व, अब्दुल करीमखाँ, दीनानाथ मंगेशकर यांचे उपलब्ध गायन मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे आहे, तर नामदेवांचे अभंग भीमसेन जोशी यांच्या आवाजात दीर्घवादी तबकड्यांवर निघाले. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथील वा अन्य ठिकाणच्या एखाद्या घरात दोन्ही प्रकार असल्यास एकच सुई पुरणार नाही. अशा वेळी सुई बदलता येणारे चल-चुंबक कार्ट्रिज सोयीचे. उदा., ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच साच्यावर दोन्ही प्रकारच्या सुया बसतात. ऑर्टोफॉनचे २एम ७८ हे ६५ मायक्रॉन टोकाचे आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकस्वनी असल्याने दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्यास खरखर कमी होते. पोलादी सुईने झिजलेल्या तबकडीस थोड्या वेगळ्या त्रिज्येची सुई लावल्यास ती खाचेच्या न झिजलेल्या भागाला टेकते व आवाज सुधारू शकतो.

खरेदी : भुजेवरील स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर (बहुधा १२.७ मिमी.), कार्ट्रिजचे वजन, विवर्धकाची सोय व पुढे सुई मिळण्याची शक्यता तपासावी. भुजेचे वस्तुमान व दांडीची लवचिकता यांचा मेळ असा हवा की, दोहोंची अनुस्पंदन कंप्रता सु. ८ ते १२ हर्ट्‌झ राहील. जड भुजेला अतिलवचिक कार्ट्रिज योग्य नसते. शूअर या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचे उत्पादन थांबविले. त्यामुळे तिची जुनी कार्ट्रिजे घेताना सुईची चौकशी आधी करावी. वापरलेले कार्ट्रिज घेताना सुईचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. वापर नसला, तरी वर्षानुवर्षांत रबरी आधार कडक होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. म्हणून कार्ट्रिज व तबकड्या उन्हापासून आणि धुळीपासून दूर ठेवाव्यात. हिऱ्याची सुई सु. ५०० ते १,००० तास टिकते. नीलमण्याची त्याहून बरीच कमी. सुई बदलण्याचा खर्च टाळल्यास झिजलेली सुई तबकडीच झिजविते आणि दुर्मिळ तबकडीची हानी भरून निघत नाही.