जुनी मोठी गाडी : डिझेलची की पेट्रोलची?

एके काळी घरात शिलाईचे यंत्र आले की मध्यमवर्गीय गृहस्थ कृतार्थ होत असे. आता चौघांचे कुटुंब, वर्षातून दोनदा कोकणातले गाव आणि सोसायटीच्या आवारात शेजाऱ्याची उंच, धिप्पाड एसयूव्ही रोज डोळ्यांसमोर! नव्या गाडीची किंमत ऐकूनच घाम फुटतो. मग कोणी तरी म्हणतो, "अहो, जुनी घ्या की!" आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक मेहुणा सांगतो, डिझेलचीच घ्या, इंजिन कसे पहाडासारखे असते. दुसरा म्हणतो, पेट्रोलची घ्या, कटकट नको. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. मात्र गाडी रोज किती आणि कुठे चालणार, हा प्रश्न दोघांपैकी एकही विचारीत नाही.

डिझेल इंजिनाची ख्याती काही खोटी नाही. त्यात ठिणगी लागत नाही. हवा दाबून जी उष्णता निर्माण होते तिनेच इंधन पेटते. तो दाब सोसायचा म्हणून त्याचे सारे अंग जाडजूड घडवावे लागते. २००२ साली बाजारात आलेल्या स्कॉर्पिओने गावोगाव जे नाव कमावले ते अशाच इंजिनावर. पण ते डिझेल वेगळे आणि आजचे वेगळे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी आली. (मारुतीने तर त्याच सुमारास डिझेल मोटारींना रामराम ठोकला.) गाळणी भरत आली की गाडी थोडे जास्त इंधन खर्चून, सुमारे सहाशे अंशांच्या उष्णतेने ती काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी तिला मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावू द्यावे लागते. घर ते स्टेशन, स्टेशन ते मंडई, वाटेत मुलांची शाळा, एवढ्याच वर्तुळात फिरणाऱ्या गाडीला ही संधी मिळणार कुठून? काजळी साचते आणि न जळलेले डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते. म्हणून २०२० नंतरची डिझेल गाडी पाहताना तेलाची पट्टी अवश्य ओढून पाहा. तेल कमी असणे वाईट हे सर्वांना ठाऊक असते. ते वरच्या खुणेच्याही वर चढलेले असेल तर तेही तितकेच वाईट. गाळणी बदलण्याची पाळी आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणे आहे. पेट्रोलची गाडी लिटरला बारा किलोमीटर देते, डिझेलची सोळा. म्हणजे पाचशे लिटरच्या जागी पावणेचारशे लिटर. बचत सव्वाशे लिटरची, शिवाय दरातला फरक. ही बचत इंजेक्टरच्या एकाच दुरुस्तीत साफ होऊन जाते. उलट ज्यांना आठवड्याला पुणे-नाशिक करावे लागते त्यांनी डिझेलला भिऊ नये. त्यांच्या हाती ती गाडी सुखाने नांदेल.

पेट्रोलवालीही अगदी गरीब गाय नसते. टर्बोची छोटी इंजिने वेळेवर तेल न बदलल्यास लवकर रुसतात. शिवाय २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. तेव्हा त्यांच्या इंधनाच्या नळ्या आणि रबरी भाग मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

कंपनीचे नाव पाहावे, पण ती आज इथे दुकान मांडून आहे का हे आधी पाहावे. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबविली, फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या वाईट होत्या असे नाही. स्वस्तात मिळतात हेही खरे. पण एखाद्या सुट्या भागासाठी महिनाभर गाडी गॅरेजात उभी राहिली तर तो स्वस्तपणा कोणाला गोड लागेल?

गाडी पाहायला जाल तेव्हा ठाण्याच्या एका बाईंची रीत लक्षात ठेवा. यजमान रंगाची तारीफ करीत होते. बाईंनी मुकाट्याने बॉनेटवर हात ठेवला. तो गरम! "आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीत वाटतं?" त्यांनी विचारले. विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला म्हणतात. गार इंजिन सुरू होताना जो धूर सोडते तोच खरा. निळा असेल तर तेल जळते आहे. काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. सीटचा पट्टाही शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ वरवरच्या धुलाईने निघतो, पट्ट्याच्या गुंडाळीतला पुष्कळदा राहून जातो.

दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर जरा थांबा. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली; २०२५ साली तीत काही सवलत मिळाली. अशी गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, इथला नवा क्रमांक आणि इथला रस्ताकर, सारे आले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि ती वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात. नोंदणीच्या कागदावर बँकेचे नाव असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही झाल्यावाचून सगळे पैसे हातातून सोडू नका.