गिअर बदलताना बसणारा गचका

वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई व भाईंदर यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि या परिसरातील मोटारचालकांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. धक्क्याच्या उतारावर पुढेमागे गाड्या उभ्या असताना, गचका न देता व मागे न घसरता, गाडी हलवावी कशी? शिकवणारे बहुधा ‘हाताला सवय व्हावी लागते’ एवढेच सांगतात. ते खोटे नाही. परंतु सवय नेमकी कशाची, हे यंत्रशास्त्राने सांगता येते.

याच किनाऱ्यावरील यांत्रिक होडीकडे पाहिल्यास प्रश्नाचे मूळ ध्यानात येते. तिच्या एंजिनाला पुढे, मोकळा व मागे इतकेच गिअर पुरतात. होडीचा पंखा पाण्यात घसरत असल्यामुळे एंजिनाची फिरकी व होडीचा वेग यांत ताठर नाते नसते. मोटारीचे चाक मात्र रस्त्यावर जवळजवळ घसरतच नाही. म्हणून पाण्याने फुकट दिलेली ही घसरण मोटारीत क्लचच्या तबकडीला पुरवावी लागते, आणि तिचे नियंत्रण चालकाच्या डाव्या पायाकडे येते.

समजा, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २ व तिसऱ्याचे १.४ आहे. दुसऱ्यात एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते २,१०० फेरेच घेईल. वरचा गिअर टाकताना एंजिनाने ९०० फेरे गमवावयाचे असतात. ॲक्सिलरेटर सोडून क्षणभर थांबले की हे आपोआप घडते. उलट खाली येताना तेच ९०० फेरे मिळवावे लागतात, आणि ते आपोआप मिळत नाहीत. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्याशिवाय क्लच सोडला, तर एंजिनाच्या जड प्रचक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, फिरविण्याचे काम गाडीच्या गतीतून होते व बसलेली माणसे पुढे झुकतात. शरीराला जाणवतो तो वेग नव्हे, प्रवेगही फारसा नव्हे. जाणवतो तो प्रवेगातील आकस्मिक बदल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आलेल्या सिंक्रोमेश रचनेमुळे दाते खरखरण्याचे थांबले. (कुर्ल्यास तयार होणाऱ्या फियाट ११०० मध्येही पहिल्या गिअरला ती सोय नव्हती, जुने चालक गाडी पूर्ण थांबल्याखेरीज पहिला टाकीत नसत, त्याचे कारण हे.) परंतु ही रचना गिअरपेटीतील चाके व क्लचची तबकडी यांचीच गती जुळविते. एंजिन त्या वेळी क्लचच्या पलीकडे सुटे असते. म्हणून गिअर निःशब्द पडूनही गचका बसू शकतो, आणि नवशिक्यास आपले काय चुकले हे कळत नाही.

आता उताराचा प्रश्न. सपाट रस्त्यावर एंजिनाची फिरकी स्थिर ठेवून गाडी हलविली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. १,००० किलोग्रॅमची गाडी सेकंदास २ मीटर वेगाला आणताना ही उष्णता २,००० जूल होते, आणि तेथे संपते. आठास एक अशा चढावर मात्र गाडी नुसती रोखून धरण्यास सुमारे १,२०० न्यूटन बल लागते. पुष्कळ चालक ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. त्यात कौशल्याचा अभिमानही असतो. पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर व एंजिनाचे फेरे मिनिटाला १,००० धरले, तर दर सेकंदाला सुमारे २,५०० जूल उष्णता त्या तबकडीत जिरते. बोटीवरील वाहने उतरेपर्यंत असे एक मिनिट काढले की दीड लाख जूल झाले, आणि गाडी तसूभरही हललेली नसते. जळक्या वासाचा उगम हाच. त्यानंतर तबकडीची पकड ढिली पडते व गाडी मागच्या वाहनावर येण्याचा धोका उभा राहतो.

यास्तव गाडी हातब्रेकवर उभी करावी. क्लच हळू सोडीत जावा. एंजिनाचा आवाज जड होऊन गाडीचे नाक किंचित उचलले की तबकडीने पकड घेतली असे समजावे. तेथे पाय स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर थोडा वाढवावा व मगच हातब्रेक सोडावा. क्लच पूर्ण सोडावयाचा तो गाडी चालू लागल्यावर. सर्वांत अवघड आहे ते मधले पायाचे थांबणे, कारण घाबरलेला पाय नेमका तेथेच सुटतो.