जुन्या फोटोचं साल कसं ओळखाल?

घरच्या अल्बममधल्या मुंबईच्या फोटोमागे तारीख नसली, तर रस्त्याकडे बघा. घोड्यांची ट्राम दिसली तर काळ १८७४ ते १९०५. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, दुमजली ट्राम १९२० मध्ये. मोटारबस दिसत असेल, तर फोटो जुलै १९२६ नंतरचा. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ गेले, पण ‘दादर टीटी’ या नावातला ट्राम टर्मिनस अजून तोंडी आहे.

लालबाग-परळच्या फोटोत गिरण्यांची धुराडी मोजा. धूर निघत असेल, तर बहुधा १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाआधीचं आकाश. माझ्या लेखी हेच फोटो सर्वांत मोलाचे, कारण चिमण्या पडल्या आणि त्यांखालची माणसंही पांगली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी या गिरणगावच्या आठवणी माणसांच्या तोंडून टिपल्या. त्यांचं इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आलं.

तुम्हीही घरातल्या आजीसमोर फोटो ठेवा. गॅलरीत कोण उभं आहे, बिऱ्हाड कोणत्या मजल्यावर होतं, ते विचारा आणि लगेच मागे पेन्सिलीने लिहा. शाई कागदातून पुढे उमटते.