पहिला सूट शिवताय? दुकान नव्हे, आधी कटिंग मास्टर निवडा

लग्न, मुलाखत किंवा पदवीदान समारंभासाठी नांदेड-लातूरमध्ये सूट शिवायचा असेल, तर शिंप्याला काय विचारावे? ट्रायलला काय पाहावे? जाणून घ्या.

लग्नाची तारीख निघाली की घरात आधी सोन्याचा आणि साड्यांचा विषय निघतो. नवरदेवाच्या सुटाची आठवण होते ती पत्रिका छापून आल्यावर. मग मामाने किंवा सासरच्यांनी दिलेला सूटपीस पिशवीत घालून मुलगा नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत जातो आणि ओळखीच्या दुकानात माप देऊन येतो. सूट हाती पडतो हळदीच्या आदल्या दिवशी. खांदे उतरलेले, बाही बोटांपर्यंत आलेली, आणि दुरुस्तीला वेळ नाही.

सोयाबीनच्या पट्टीतून किंवा पहिल्या पगारातून बाजूला काढलेले हे पैसे असतात. शिवाय तो फोटो घरातल्या भिंतीवर कायम राहणार असतो. त्यामुळे शिंपी निवडताना थोडी चौकशी करणे फायद्याचे ठरते.

शिवून घ्यावा की तयार घ्यावा?

तयार कोट छातीच्या नंबरावर मिळतो. 36, 38, 40 असे त्याचे नंबर असतात. छाती 38 असेल तर खांदा, बाही आणि कंबर अमुक इतकी असणार, असे कंपनीने गृहीत धरलेले असते. तुमची अंगकाठी त्यात बसत असेल तर तयार कोट वाईट नाही. मात्र एक खांदा खाली असेल, पाठीत थोडा बाक असेल किंवा व्यायामाने छाती भरून कंबर बारीक राहिली असेल, तर शिवून घेतलेलाच कोट नीट बसतो.

‘शिवून घेणे’ हेही दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात दुकानाकडे ठरलेले कागदी साचे असतात आणि त्यात तुमच्या मापाप्रमाणे थोडा फरक केला जातो. दुसऱ्या प्रकारात मास्टर तुमच्या मापावरून नव्याने आखणी करतो, कोट कच्चा शिवून अंगावर घालून पाहतो आणि मगच पक्का शिवतो. खरे ‘बेस्पोक’ काम म्हणजे हा दुसरा प्रकार.

पण पाटीवरच्या शब्दावर जाऊ नका. ब्रिटनमध्येही यावर वाद झाला होता. यंत्रावर शिवलेल्या, मापानुसार बदललेल्या सुटाला ‘बेस्पोक’ म्हणता येईल, असा निर्णय तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने 2008 मध्ये दिला. त्यामुळे पाटी वाचण्यापेक्षा काम कसे करता, हे विचारा.

मराठवाड्यात सुटाला एवढे महत्त्व का?

1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा दरबारात आणि अधिकाऱ्यांत शेरवानीचा मान होता. पुढे सुटाला इथे आणखी मोठा अर्थ मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. गावोगावच्या पुतळ्यांवर आणि घरोघरच्या तसबिरींत बाबासाहेब सुटात दिसतात. अनेक घरांत मुलाचा पहिला सूट म्हणजे शिक्षणाने मिळवलेल्या सन्मानाची खूण असते. आता त्यात नोकरीच्या मुलाखतींची भर पडली आहे. म्हणूनच ‘एकदाच तर घालायचा आहे’ असे म्हणून हे काम उरकू नका.

शिंप्याला कोणते पाच प्रश्न विचारावेत?

1. कापड कोण कापणार? बहुतेक दुकानांत माप एक जण घेतो, कटिंग मास्टर कापतो आणि शिलाई कारागीर करतात. सूट बिघडतो तो बहुधा माप आणि कटिंगमध्ये. जो कापणार आहे त्यानेच माप घ्यावे, निदान तो समोर उभा असावा. ट्रायललाही तोच हवा.

2. कच्ची ट्रायल देणार का? ‘गरज नाही, माझा हात बसलेला आहे,’ असे उत्तर आले तर पहिल्या सुटासाठी दुसरे दुकान पाहा. त्या शिंप्याला तुमच्या अंगाची अजून ओळख नाही.

3. कोटाच्या आत काय घालणार? छातीचा भाग ताठ राहावा म्हणून आत थर असतो. फ्यूजिंगमध्ये तो इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवतात. हे काम स्वस्त आणि लवकर होते, पण हलक्या प्रतीचे फ्यूजिंग काही धुलायांनंतर सुटते आणि कापडावर फुगे येतात. कॅनव्हास टाक्यांनी बसवतात. त्याला वेळ आणि पैसा जास्त लागतो, पण कोट टिकतो. फ्यूजिंग घेण्यात गैर काही नाही, मात्र दर कॅनव्हासचा लावून फ्यूजिंग मिळता कामा नये.

4. दाब किती सोडणार? शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडामुळे सूट पुढे मोकळा करता येतो. पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूंना भरपूर दाब ठेवायला सांगा. लग्नानंतर वजन वाढते, हे शिंप्यालाही ठाऊक असते.

5. बिलात काय काय धरले आहे? अस्तर, बटणे, फ्यूजिंग आणि ट्रायलनंतरची दुरुस्ती शिलाईत धरली आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारा.

आधीचे काम कसे तपासायचे?

मोबाइलवरचे फोटो पाहून काही कळत नाही. दुकानात तयार होऊन टांगलेला एखादा कोट हातात घेऊन पाहू द्या, असे सांगा. काजाचे टाके सारखे आहेत का? अस्तर ओढल्यासारखे दिसते का? चौकडीच्या कापडात खिशाच्या पट्टीवरच्या रेघा कोटाच्या रेघांशी जुळतात का? दोन्ही बाजूंची कॉलर सारखी आहे का? एवढे पाहिले तरी कारागिराचा हात लक्षात येतो.

कापड कोणते घ्यावे?

आपल्याकडच्या अनेक लग्नतिथी एप्रिल-मेमध्ये येतात आणि तेव्हा पारा चाळिशीपार असतो. जाड, पूर्ण पॉलिएस्टरचे कापड घेतले तर घामाने हैराण व्हाल. हलक्या वजनाचे, मोकळ्या विणीचे टेरीवूल किंवा शक्य असल्यास लोकरी ‘ट्रॉपिकल’ कापड घ्या. अस्तर अर्धेच लावायला सांगा.

‘सुपर 100’, ‘सुपर 120’ हे आकडे लोकरीच्या धाग्याचा बारीकपणा सांगतात, मजबुती नव्हे. आकडा वाढला की कापड मऊ होते आणि नाजूकही. पहिल्या सुटाला फार मोठ्या आकड्याची गरज नाही.

लोकरीबद्दल शंका असेल तर कापडाचा एक धागा जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. धागा टेरीवूलचा असेल तर दोन्ही खुणा दिसू शकतात.

साधारण 58 इंच पन्ह्याच्या कापडात कोट-पँटला तीन मीटरच्या आसपास कापड लागते. उंची जास्त असेल किंवा वास्कट हवे असेल तर आणखी. भेट मिळालेला सूटपीस आधी मोजून घ्या. गडद निळा किंवा राखाडी रंग लग्नालाही चालतो आणि पुढे मुलाखतीलाही.

ट्रायलला काय पाहावे?

त्या दिवशी घालणार असाल तेच बूट आणि पूर्ण बाहीचा शर्ट घालून जा. मग या क्रमाने पाहा.

- खांदा: शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. बाही आणि लांबी नंतर दुरुस्त होते, पण पक्का शिवलेला खांदा दुरुस्त करणे म्हणजे कोट जवळपास नव्याने शिवणे. म्हणून सर्वांत आधी खांदा.
- कॉलर: मानेमागे कॉलर शर्टाला चिकटून बसावी, मध्ये फट नको.
- बटण: वरचे बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडत असतील तर कोट घट्ट आहे.
- बाही: शर्टाचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा.
- मुंढा: हात वर करा, मिठी मारल्यासारखे पुढे आणा. संपूर्ण कोट वर उचलला जात असेल तर मुंढा फार खाली कापलेला आहे.
- पँट: खाली बसून पाहा. लग्नात पाटावर बसावे लागते, हे मास्टरला आधीच सांगा.

काही खटकले तर संकोच न करता बोला. सोबत स्पष्ट बोलणारे एखादे वडीलधारे माणूस असले तर उत्तम.

त्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावे का?

कापडाची निवड तिकडे जास्त असते, यात शंका नाही. पण नांदेडहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरहून लांब आहे आणि लातूरहून पुणे तीनशेहून. माप, ट्रायल आणि दुरुस्तीसाठी तीन फेऱ्या होतात का, हे आधी ठरवा. होत नसतील तर कापड तिकडून आणा आणि शिलाई आपल्या गावात करा. दोन वर्षांनी कंबर वाढली तर जाता येईल असा शिंपी जवळ असलेला बरा.

सूट बिघडला तर?

आधी दुरुस्तीची संधी द्या. बहुतेक चांगले शिंपी नावाला जपतात आणि दुरुस्ती करून देतात. तरीही दाद मिळाली नाही, तर शिलाई ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मग सूट दुसऱ्या शहरात शिवलेला का असेना. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. मात्र पावती हवी. तिच्यावर कापडाची लांबी, ट्रायलची तारीख आणि सूट देण्याची तारीख लिहून घ्या.

तारखांचे गणित

- समारंभाच्या दीड-दोन महिने आधी: दोन-तीन दुकाने फिरा, कापड घ्या, माप द्या.
- एक महिना आधी: कच्ची ट्रायल.
- दोन आठवडे आधी: पक्का सूट घालून पाहा.
- शेवटचा आठवडा: फक्त इस्त्री.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि चांगल्या मास्टरच्या मापाच्या वह्या भरू लागतात. तारीख ठरली असेल तर पत्रिकेच्या आधी शिंप्याकडे जाऊन या.