परसातील रोपांची विक्री

मराठवाड्यात किनवटच्या बाजूस पाऊस त्यातल्या त्यात बरा. म्हणून इस्लापूरसारख्या गावी परसातील मोगरा, जास्वंद यांच्या अर्धवट जून फांद्या श्रावणात लावून चार पैसे मिळविणे गृहिणीस कठीण नाही. कढीलिंबाचे बी मात्र ताजेच पेरावे. वाळले की त्याची उगवण झपाट्याने घटते.

घात होतो तो घाईने. पालवी फुटताच रोप विकले जाते. परंतु ही पालवी फांदीतील साठ्यावर फुटलेली असते, मुळे पुष्कळदा धरलेलीच नसतात. असे रोप गिऱ्हाइकाच्या दारी वाळते, आणि ते गिऱ्हाईक परत कशास येईल? पिशवीच्या छिद्रांतून पांढरी मुळे डोकावली म्हणजेच रोप विक्रीयोग्य समजावे.

आंबा-पेरूच्या कलमांचा धंदा करावयाचा तर महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यान्वये परवाना लागतो.